वाढता मासा आणि पाळणाऱ्याचे ऋण

घरातल्या काचेच्या टाकीत पाळलेला कॅटफिश वाढून तिच्यात मावेनासा झाला की त्याला मोठ्या टाकीत हलवावे लागते. हे हलवणे पाळणाऱ्याचे औदार्य आहे की कर्तव्य, असा एक नीतीचा प्रश्न त्यातून निघतो. औदार्य मानले तर ते ऐपत आणि सवड पाहून करता येते. न केले तरी दोष लागत नाही. कर्तव्य मानले तर ते कशातून उत्पन्न झाले, कोणाप्रति आहे आणि कुठे संपते, हे सांगावे लागते. प्रश्न क्षुल्लक वाटतो, कारण मासा ओरडत नाही. कुत्र्याला दिवसभर कोंडून ठेवणाऱ्याविषयी शेजारी बोलतात. तीन फुटी टाकीत दोन फुटी मासा वर्षानुवर्षे एकाच दिशेला तोंड करून राहिला तरी पाहुणे त्याचे कौतुकच करतात.

भारतीय वाङ्मयात हा प्रश्न फार जुना आहे. शतपथ ब्राह्मणाच्या पहिल्या कांडात मनू सकाळी हात धूत असताना त्याच्या हातात एक लहानसा मासा येतो आणि सांभाळ करण्याची विनंती करतो. सांभाळ कसा करायचा हेही तोच सांगतो: आधी मडक्यात, त्यात मावेनासा झाला की खड्डा खणून त्यात, आणि तोही पुरेनासा झाला की समुद्रात. महाभारताच्या वनपर्वात ही कथा विस्ताराने येते. तिथे मनू चीरिणी नदीच्या काठी असतो. मासा आधी रांजणात, मग दोन योजने लांब आणि एक योजन रुंद वापीत, मग गंगेत आणि शेवटी समुद्रात जातो. भागवताच्या आठव्या स्कंधात मनूच्या जागी सत्यव्रत राजा आणि चीरिणीच्या जागी कृतमाला नदी आहे. तिथला मासा एका रात्रीत कमंडलूत मावेनासा होतो, मोठ्या भांड्यात घातल्यावर मुहूर्तभरात तीन हात वाढतो, आणि ही जागा सुखाने राहायला पुरत नाही, हे दर वेळी राजाला स्पष्टपणे ऐकवतो.

कीर्तन-प्रवचनांत या कथेचा भर प्रलय, नौका आणि अवतार यांवर असतो. भांडी बदलण्याचा भाग चमत्कार म्हणून दोन वाक्यांत उरकला जातो. नीतीच्या दृष्टीने मात्र कथेचा गाभा तिथेच आहे. मासा साधा नाही हे महाभारतातल्या मनूला आरंभी ठाऊक नसते. तो रांजण बदलतो ते देवाची सेवा म्हणून नव्हे, एक जीव ठेवून घेतला म्हणून. शिवाय शतपथातला मासा पुढचा सगळा खर्च पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. मडके, खड्डा, समुद्र हे टप्पे ऐकूनच मनू होकार देतो. याच ग्रंथात, या कथेच्या थोडे आधी, माणूस जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचा ऋणी असतो असे म्हटले आहे. त्या यादीत पशुपक्षी नाहीत, मासेही नाहीत. पाठोपाठ आलेली माशाची गोष्ट मात्र एक वेगळेच ऋण दाखवते. ते जन्माने लागत नाही. हातात घेतल्याने लागते.

आजच्या पाळणाऱ्याला हा हिशेब आधी कोणी सांगत नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या बाजारातून लाल शेपटीचा ॲमेझॉनी कॅटफिश घरी येतो तेव्हा तो बोटभर लांब असतो. पूर्ण वाढीला तो एक मीटरच्या पुढे जातो, वजन चाळीस किलोच्या घरात पोहोचू शकते, आणि नीट सांभाळला तर पंधरा वर्षे आणि त्याहून अधिक जगतो. दुकानात 'शार्क' म्हणून विकला जाणारा चंदेरी मासा शार्क नसतोच. मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्यांतला तो पंगास आहे, सव्वा मीटरपर्यंत वाढणारा आणि थव्याने राहणारा. शेवाळ खाऊन काच स्वच्छ ठेवील म्हणून दिला जाणारा सकर मासाही कॅटफिशच्याच कुळातला. तो हाताएवढा होतो आणि मोठेपणी शेवाळापेक्षा विष्ठाच जास्त करतो.

या वाढीला जागा किती लागते, हे गणिताने पाहिलेले बरे. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे १२७ लिटर पाणी मावते. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत ते ६८० लिटर होते. तरी साठ सेंटिमीटरच्या माशाला त्या दोन फूट रुंदीत जेमतेम वळता येते. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच टाकी घेतली तर पाणीच २,७०० लिटर भरते, म्हणजे २.७ टन. राहत्या घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार गृहीत धरतात. या टाकीचा भार त्याच्या साडेचार पट पडतो, काच आणि लोखंडी स्टँड वेगळेच. अलिबाग, मुरुड किंवा श्रीवर्धनकडच्या जांभ्याच्या जुन्या घरात तळमजल्यावर, जोत्यावर ती ठेवता येईल. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नाही. म्हणजे बोटभर मासा विकत घेणाऱ्याने नकळत आपल्या घराच्या बांधकामाविषयीही एक निर्णय घेतलेला असतो.

या अडचणीवर लोकांनी एक सोयीची समजूत काढली आहे: मासा टाकीच्या मापानेच वाढतो. ती खरी नाही. बहुतेक मासे आयुष्यभर कमी-अधिक वाढत राहतात. लहान टाकीत वाढ खुंटलेली दिसते ती साचलेल्या विष्ठेमुळे, खालावलेल्या पाण्यामुळे आणि ताणामुळे. कणा वाकतो, मिशा झिजतात, आयुष्य घटते. ही समजूत नैतिक दृष्ट्याही तपासण्यासारखी आहे, कारण ती दोष उलटा फिरवते. भांडे माशाला पुरत नाही असे न म्हणता मासा भांड्याच्या मापात राहिला, असे ती म्हणते.

मुळात माशाला जागेचे सुखदुःख असते का, ही शंका प्रामाणिक आहे. जैन विचाराने तिचे उत्तर फार पूर्वी दिले: मासा हा जलचर पंचेंद्रिय जीव आहे, म्हणजे इंद्रियांच्या मोजणीत तो गाय किंवा माणूस यांच्याच रांगेत बसतो. आधुनिक विज्ञान तिथवर बरेच उशिरा येऊ लागले. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून पाहिले. मासे ओठ खड्यांवर घासू लागले, त्यांनी खाणे लांबवले, आणि वेदनाशामक दिल्यावर ही वागणूक कमी झाली. ब्रायन की यांनी २०१६ मध्ये याला जोरदार आक्षेप घेतला: वेदनेची जाणीव होण्यासाठी मेंदूचे जे बाह्यक आवश्यक आहे ते माशाला नाहीच. वाद अजून चालू आहे. २०२४ च्या न्यू यॉर्क जाहीरनाम्यात मात्र मासे धरून सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांत जाणिवेची वास्तव शक्यता आहे, इतके अनेक शास्त्रज्ञांनी मान्य केले. ज्याच्या हातात दुसऱ्याचे सगळे जगणे आहे त्याला शक्यताही पुरेशी असावी. खात्री होईपर्यंत थांबण्याची किंमत मासा देतो, थांबणारा देत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला एक खास पीळ आहे. ज्या घरात टाकीतला कॅटफिश जिवापाड जपला जातो, त्याच घरात समुद्रातला कॅटफिश, म्हणजे शिंगाळा, कापून कालवणात पडतो. अलिबाग, रेवदंडा, मुरुड, दिघी इथल्या कोळ्यांना त्यात काही खटकत नाही, आणि बाहेरचा माणूस मात्र विसंगती दाखवून देतो. विसंगती खरोखर आहे का? शिंगाळा जाळ्यात येईपर्यंत स्वतःचे आयुष्य जगलेला असतो: त्याने अन्न शोधले, खोल पाण्यात फिरला, नराने अंडी तोंडात धरून दीर्घकाळ उपास काढत पिल्ले वाढवली. त्याला मारणाऱ्याचा त्याच्याशी संबंध क्षणाचा असतो. त्या क्षणापुरते काही देणे लागतेच: मरण लवकर यावे, वाया जाऊ नये, आणि विणीच्या काळात जाळे आवरावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवून नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पुन्हा दर्यात घालण्याच्या रीतीत या देण्याची जाणीव आहे. (अंडी तोंडात धरलेले नर मोठ्या जाळ्यांत थव्यांनी सापडू लागल्यावर पश्चिम किनाऱ्यावर कॅटफिशची पैदास कोसळली, हेही इथे नोंदवले पाहिजे.)

टाकीतल्या माशाची गोष्ट उलटी आहे. त्याला कोणी मारत नाही, पण त्याच्या आयुष्यातला कुठलाच क्षण त्याचा स्वतःचा नसतो. पाणी, प्रकाश, अन्न, सोबत, तापमान, वळण्यापुरती रुंदी, सगळे दुसऱ्याने ठरवलेले. खाणारा माशाला मरण देणे लागतो. पाळणारा जगणे देणे लागतो. दुसरे देणे पहिल्याहून कितीतरी लांबलचक आणि कंटाळवाणे आहे. तत्त्वज्ञ क्लेअर पामर यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात जवळपास हाच विचार मांडला आहे. रानातल्या प्राण्याला मदत करण्याचे बंधन माणसावर सहसा नसते. पण ज्याला माणसाने स्वतःच परावलंबी केले, त्याच्या गरजा पुरवण्याचे बंधन त्या परावलंबनातूनच येते. पीटर सिंगर यांचे १९७५ चे किंवा टॉम रेगन यांचे १९८३ चे प्रतिपादन प्राण्याच्या ठिकाणी काय आहे यावर उभे आहे: त्याला दुःख होते, त्याला स्वतःचे आयुष्य आहे. टाकीच्या प्रश्नात ते खोटे ठरत नाही, पण अपुरे पडते. शिंगाळा आणि लाल शेपटीचा मासा जाणिवेत सारखेच असतील. फरक आहे तो त्यांच्याशी माणसाने काय केले यात.

शरणागताच्या रक्षणाची परंपराही इथे आठवते. शिबी राजाने कबुतरासाठी मांस कापून दिले. चक्रधरस्वामींनी शिकाऱ्यांपासून सशाला वाचवल्याची लीळा महानुभावांच्या लीळाचरित्रात आहे. मनूकडे आलेला मासाही मोठ्या माशांच्या भयाने आश्रय मागतो. दुकानातला मासा मात्र शरण आलेला नसतो. त्याने काही मागितलेले नसते. त्याच्या वतीने पैसे दिलेले असतात. म्हणून त्याला मोठी टाकी देणे शिबीच्या दानाच्या पंगतीत बसत नाही. शिबीने आपले होते ते दिले. टाकीवाला घेतलेले थोडेफार परत करतो. मोठी टाकी आणल्याचे जे अभिनंदन होते त्यातला बराचसा भाग चुकीच्या खात्यावर जमा होतो.

किनाऱ्यावरच्या इतर धर्मपरंपरांत हे बंधन अधिक रोकठोक शब्दांत सापडते. परंपरेनुसार नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागलेले बेने इस्राएल लोक इथे तेल गाळण्याचा धंदा करू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. दाविद राहबी नावाचा ज्यू गृहस्थ आला तेव्हा त्याने इथल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले; त्यांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे बाजूला सारले, त्यावरून त्याने त्यांना ज्यू म्हणून ओळखले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. लेवीय ग्रंथातल्या नियमाने बिनखवल्यांचा शिंगाळा अर्थातच बाजूला गेला असणार. एखादा जीव खाण्यास निषिद्ध असल्याने त्याच्याविषयीची जबाबदारी संपत नाही, हे मात्र त्याच परंपरेत वेगळे सांगितले आहे. जनावरांना घातल्याशिवाय धन्याने जेवू नये, असे बाबिलोनी तालमूद म्हणते. यरुशलेमी तालमूदात त्याच्याही पुढचा नियम आहे: खाण्याची तजवीज आधी केल्याशिवाय गुरे, जनावर किंवा पक्षी विकतच घेऊ नये. तजवीज आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम महत्त्वाचा. वाढणाऱ्या माशाच्या बाबतीत तजवीज म्हणजे अन्न जितके, तितकीच जागा.

मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन भागातल्या कोकणी मुसलमानांत सांगितली जाणारी हदीसही याच मुद्द्यावर बोट ठेवते. एका बाईने मांजर बांधून ठेवले, खायला दिले नाही आणि स्वतःचे भक्ष्य शोधायलाही सोडले नाही. त्यासाठी तिला नरकवास झाला. दोष उपाशी ठेवण्याचा आहे, आणि दुसरा मार्ग बंद करण्याचाही. कोंडणारा जो दरवाजा बंद करतो त्यापलीकडचे सगळे त्याने आत आणून द्यायचे असते. त्याच वेळी लहान मुलाने पक्षी पाळल्याचा प्रेमळ उल्लेखही हदीसमध्ये आहे, त्यामुळे पाळणेच पाप आहे असा निष्कर्ष इस्लामी विधिज्ञांनी काढला नाही.

कायद्याने हीच गोष्ट कोरड्या भाषेत मांडली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, त्यामुळे मासाही आला. कलम ११ नुसार हालचालीला पुरेशी उंची, लांबी आणि रुंदी नसलेल्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राणी ठेवणे गुन्हा आहे. २०१४ च्या नागराज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. त्यातले शेवटचे स्वातंत्र्य स्वाभाविक वागणुकीचे, आणि तेच लहान टाकीत सर्वांत आधी जाते. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये गोल काचभांड्यात मासा ठेवण्यावर बंदी घातली तेव्हा जगभर हसू झाले. भारतात मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने माशांची दुकाने आणि मत्स्यालये यांच्यासाठी नियम काढले, आणि पुढे ते मागे घेतले. कलम ११ मात्र जागेवर आहे. टाकीची रुंदी मोजायला कोणी घरी येत नाही, एवढेच.

प्रत्यक्ष हलवण्याचे काम महाभारतात सोपे आहे: मासा प्रचंड असूनही मनूला हवा तसा उचलता येत होता, त्याचा स्पर्श आणि गंधही सुखद होता. खऱ्या कॅटफिशला खवले नसतात, अंग बुळबुळीत असते, आणि पाठीचा व छातीच्या परांचा काटा घाबरल्यावर ताठ होऊन अडकून बसतो. जाळीत घेतला तर काटा जाळीत गुंततो आणि सोडवताना कातडी फाटते. म्हणून त्याला पाण्यातच जाड प्लास्टिकच्या पिशवीत किंवा टबात वळवून, पाण्यासकट दोघांनी मिळून उचलायचे असते. हवेत धरला तर स्वतःच्या वजनानेच त्याला इजा होते. आदल्या एक-दोन दिवशी खाणे बंद ठेवायचे, खोलीत अंधार करायचा, दोन्हीकडच्या पाण्याचे तापमान जुळवायचे. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन काढावे लागते; किनाऱ्यालगतच्या विहिरीचे असेल तर वैशाख-ज्येष्ठात ते मचूळ झालेले असते. सर्वांत महत्त्वाची तयारी डोळ्यांना दिसत नाही: विष्ठेतल्या अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, किंवा जुन्या फिल्टरचा स्पंज न धुता नव्यात बसवावा लागतो. चकचकीत, स्वच्छ, नव्या कोऱ्या पाण्यात घातलेला मासा आठवडाभरात दगावतो तो याच घाईने.

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीतेवरच्या प्रवचनांत कर्म आणि विकर्म असा भेद केला आहे: बाहेर दिसते ते कर्म, त्यात मन ओतले जाते ते विकर्म. माशाला एका टाकीतून दुसरीत घालणे हे अर्ध्या तासाचे कर्म आहे. महिनाभर आधीपासून रिकाम्या टाकीत फिल्टर चालवत ठेवणे, पाणी तपासणे, अंधारात वाट पाहणे हे विकर्माच्या बाजूचे. फळाचे म्हणावे तर नव्या टाकीत गेलेला कॅटफिश बहुधा कोपऱ्यात दडी मारतो, काही दिवस अन्नाला तोंड लावत नाही, आणि कृतज्ञतेचे कुठलेही चिन्ह दाखवत नाही. निष्काम कर्माचा सराव करण्यास इतके सोयीचे ठिकाण क्वचित असेल.

मोठी टाकी ही मोठी मोकळीक असते, असे मानण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-मुरुडच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले, नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, आणि अनेक गावांत आठवड्याहून जास्त काळ वीज नव्हती. अशा वेळी हवेचा पंप बंद पडला की मांगूर हा कॅटफिश वर येऊन हवा घेऊ शकतो, कारण त्याला श्वासाचे वेगळे अवयव आहेत. लाल शेपटीच्या माशाकडे ती सोय नाही. टाकी मोठी तशी यंत्रे जास्त आणि परावलंबनही जास्त. ऋण फेडण्याच्या प्रत्येक हप्त्याबरोबर पुढचा हप्ता वाढतो, ही या व्यवहाराची विचित्र रीत आहे.

मनूच्या कथेत हे हप्ते समुद्रात संपतात. आजच्या पाळणाऱ्याला ते दार बंद आहे, आणि हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण धर्मबुद्धीने केलेली चूक इथेच होते. मावेनासा झालेला मासा तळ्यात, खाडीत किंवा वाडीतल्या विहिरीत सोडला की जीवदान दिल्याचे समाधान मिळते. ॲमेझॉनचा मासा खाऱ्या पाण्यात मरतो. गोड्या पाण्यात जगला तर दुसऱ्यांना जगू देत नाही. आफ्रिकी मांगुरावर भारतात २००० साली बंदी आली ती तो देशी मासे फस्त करतो म्हणून. सकर मासा उजनीच्या जलाशयात पसरला आहे आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. विहीर बंदिस्त वाटते, पण आषाढात ती भरून वाहते आणि पाणी ओढ्याला मिळते. चीन आणि तैवानमध्ये बौद्ध पुण्यकर्म म्हणून विकत घेतलेले मासे-कासवे सोडण्याच्या प्रथेने परके जीव नद्यांत पसरले आणि तिथल्या अनेक बौद्ध संस्थांनाच त्याविरुद्ध बोलावे लागले. एका जिवाचे ऋण दुसऱ्या हजारांवर लादून फिटत नाही. सोडणाऱ्याला ते हजार दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्याचे समाधान टिकते.

माशाला देवत्व देऊनही त्याला न कोंडण्याची रीत रायगड जिल्ह्यातच आहे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचे स्थान, आणि डोहातले महसीर देवीचे मानले जातात म्हणून त्यांना कोणी धरत नाही. पालघर जिल्ह्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातही असाच नेम आहे. भाविक खाऊ टाकतात, मासे वर येतात, पण पावसाळ्यात पूर आला की त्यांना जायचे तिथे जाता येते. इथे माणसाचे देणे फक्त हात आवरण्याचे आहे, आणि ते शतकानुशतके निभते. टाकी बदलण्याचे देणे तीन वर्षांत जड होते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला घरात मासा ठेवण्याची शकुनाची समजूत आहे. मासा घरावरचे संकट स्वतःवर घेतो, तो मेला तर घरच्यांवरची बला टळली, असे अनेक घरांत मानले जाते. तिच्यात मरणाला अर्थ मिळतो, पण कारण पुसले जाते. अमोनियाने मेलेला मासा बळी ठरतो आणि फिल्टर न धुणारा यजमान. दुसरी नवीन टाकी न घेता दुसरा नवीन मासा घेणे ही त्याची पुढची पायरी. समजुतींवर हसण्याचे कारण नाही. पण जी समजूत पाळणाऱ्याला दर वेळी निर्दोष सोडते, तिच्यावर धर्माने तरी शिक्का मारू नये.

शाकाहारी घरात भक्षक कॅटफिश पाळल्याने आणखी एक गुंता होतो. त्याच्यासाठी जिवंत लहान मासे आणून टाकले जातात, आणि जीव जिवावर जगतो असे म्हणून मनाची समजूत घातली जाते. ते सृष्टीचे वर्णन आहे, आज्ञा नव्हे. आणि टाकीत कोणी कोणाला खावे हे सृष्टी ठरवत नाही, पाकीट ठरवते. अशा माशांना गोळीखाद्यावर किंवा मेलेल्या कोळंबीवर वळवता येते, त्यामुळे हा प्रश्न तरी सुटण्याजोगा आहे.

न सुटणारा प्रश्न उरतो तो जागा संपल्यावरचा. घर मोठे होत नाही, सार्वजनिक मत्स्यालयांची जागाही मोजकी असते आणि नको झालेले मोठे मासे सगळेच आणून देऊ पाहतात. ज्याच्याकडे वाडीत सिमेंटची मोठी, झाकलेली, बाहेरच्या पाण्याशी न जोडलेली टाकी आहे अशा दुसऱ्या पाळणाऱ्याला मासा देणे हा बरा मार्ग. पण देताना त्याची पूर्ण वाढीची लांबी, वय आणि खाणे सांगितले नाही तर ऋण फिटत नाही, नुसते हस्तांतरित होते, आणि घेणाऱ्याची फसवणूक वर होते. तेही शक्य नसेल तर भुलीच्या औषधाने शांत मरण देणे की वळता न येणाऱ्या टाकीत ठेवून जगवणे, यावर परंपरांचे एकमत नाही. जैन दृष्टी पहिल्याला कधीच मान्यता देणार नाही. सिंगर यांची उपयुक्ततावादी दृष्टी अनेकदा देईल. खाण्यासाठी मारणे ज्यांना रोजचे आहे त्यांना हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने दिसेल. मासा पंधरा वर्षे जगला आणि पाळणारा आधी गेला तर तो वारसांकडे जातो, आणि ज्यांनी होकार कधीच दिला नव्हता त्यांच्या माथी हे देणे येते. विकणाऱ्याने बोटभर माशाच्या पिशवीवर त्याची मोठेपणीची लांबी लिहून दिली तर यातले बरेचसे प्रश्न दुकानाच्या दारातच सुटतील. शतपथातल्या माशाने विक्रेत्याशिवायच ते काम केले होते.